जाड काठाची प्लेट

अमेरिकेतल्या जुन्या हॉटेलांतली जेवणाची प्लेट हातात घेतली की आधी जाणवते तिचे वजन आणि मग तिचा काठ. प्लेट साधीच असते. पांढरी, काठालगत हिरव्या रंगाच्या दोन-तीन बारीक रेघा. पण काठावरून बोट फिरवले की कळते, की तो पातळ होत संपलेला नाही, खालच्या अंगाला वळवून मुद्दाम जाड केलेला आहे. प्लेट उपडी केली की बुडाशी शिक्का दिसतो. त्यात कारखान्याचे नाव असते, पुष्कळदा वर्ष ओळखता यावे म्हणून एखादे सांकेतिक अक्षर असते, आणि कधीकधी तिसरेच एक नाव असते, हॉटेलांना माल पुरवणाऱ्या पेढीचे. शिकागोची अल्बर्ट पिक ही त्यांतली एक नामांकित पेढी. या भांड्यांना तिकडे ‘हॉटेल चायना’ म्हणतात. त्यांची कुळकथा बहुधा कारखानदारांच्या आणि कारागिरांच्या कर्तबगारीची म्हणून सांगतात. मला मात्र ती गिऱ्हाइकाची कथा वाटते. फुटतूट मोजणारे, तिचा हिशेब वहीत मांडणारे गिऱ्हाईक उभे राहिले म्हणून ही प्लेट इतकी मजबूत झाली, आणि फुटलेलीच्या जागी हुबेहूब तशीच दुसरी त्याला हवी होती म्हणून ती देशातल्या देशात होऊ लागली. देशाभिमानाचा भाग त्यात फार थोडा.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन घरातली बरी भांडी म्हणजे इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरची. ओहायो नदीकाठच्या ईस्ट लिव्हरपूल गावात १८३९ मध्ये जेम्स बेनेट या इंग्रज कुंभाराने स्थानिक मातीची पिवळसर भांडी करायला सुरुवात केली. पुढे स्टॅफर्डशायरचेच कारागीर तिथे येत गेले आणि गाव कुंभारकामाचे झाले. पण पांढऱ्या भांड्यांत इंग्रजी मालाचा दरारा एवढा, की अमेरिकन कारखाने आपल्या मालाखाली सिंह आणि एकशिंगी घोड्याचा इंग्रजी थाटाचा शिक्का उमटवत. आपल्या मालाला परक्याचे नाव देऊन खपवायची ही तऱ्हा आपल्याला अनोळखी नाही. पांढरी भांडी करणारा कारखाना निघावा म्हणून ईस्ट लिव्हरपूलने पाच हजार डॉलर देऊ केले, आणि १८७३ मध्ये होमर आणि शेक्सपिअर या लाफलिन बंधूंनी कारखाना उभारायला घेतला. पहिल्या भट्टीतल्या कपांचे कान माल काढतानाच गळून पडले अशी आठवण सांगतात. पुढे याच होमर लाफलिन कंपनीने आपला शिक्का केला तो अमेरिकन गरुडाने ब्रिटिश सिंहाला उताणे पाडल्याचा. शिक्का झणझणीत होता. पण नुसत्या शिक्क्यावर घरातली गिऱ्हाइके वळली नाहीत. ऐपतदार अमेरिकन गृहिणीला फ्रान्समधल्या लिमोजची पातळ, नाजूक भांडीच हवी असत. खुद्द व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेत घडलेला पहिला संपूर्ण संच आला तो १९१८ मध्ये, ट्रेंटनच्या लेनॉक्स कारखान्याचा.

हॉटेलचे गणितच निराळे होते. घरातली बरी प्लेट कपाटात राहते आणि पाहुणा आला की निघते. हॉटेलातली प्लेट दिवसातून चार-पाच वेळा भटारखान्यातून टेबलावर, टेबलावरून मोरीत आणि मोरीतून पुन्हा चळतीत जाते. ती धुणाऱ्याला तिची किंमत ठाऊक नसते आणि असायचे कारणही नसते. १८६८ मध्ये रेल्वेचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमनने ‘डेल्मॉनिको’ हा जेवणाचा डबा रुळांवर आणला, तेव्हा धक्के आणि हादरे यांचीही भर पडली. अशा जागी भांडे क्वचितच मधोमध फुटते. आधी काठाचा टवका उडतो, आणि टवका उडालेली प्लेट गिऱ्हाइकापुढे ठेवता येत नाही, म्हणून ती अखंड असूनही बाद होते. जाड काठाचा उगम इथे आहे. सिरॅक्यूज शहरातल्या ऑनोंडागा पॉटरीने १८९० च्या दशकात हा वळवलेला काठ बाजारात आणला आणि पुढे तो या जातीच्या भांड्यांची ओळखच झाला. दिसायला तो बोजडच. घरासाठी भांडी घेणाऱ्या कुणी तो मागितला नसता.

काठ डोळ्यांना दिसतो, पण खरा बदल मातीच्या आत झाला. पांढऱ्या भांड्यांच्या मातीत केओलीन, चिवट चिकणमाती, गारगोटीची पूड आणि फेल्डस्पार एवढे घटक असतात. भाजणीत फेल्डस्पार वितळून त्याची काच होते आणि ती कणांमधल्या पोकळ्या भरून काढते. आच कमी पडली तर पोकळ्या तशाच राहतात. असे भांडे वरून झिलईने चकचकीत दिसले, तरी बुडाच्या उघड्या कडेतून आणि टवक्यांतून पाणी पीत राहते. पाणी प्यायलेली माती किंचित फुगते, वरची झिलई मात्र तेवढी ताणली जात नाही. मग झिलईला केसासारख्या तड्यांचे जाळे पडते, त्यात चहाचा, मांसरसाचा डाग मुरतो आणि प्लेट कायमची कळकट होते. ऑनोंडागा पॉटरीने १८८० च्या दशकात, अशी जाळी पडणार नाही, हमी घ्या, असे गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली. ही हमी मला वळवलेल्या काठापेक्षा महत्त्वाची वाटते. काठ नजरेने पारखता येतो, हमी घेऊन वर्षभराने जाब विचारता येतो. जेम्स पास यांच्या देखरेखीखाली या कारखान्याने पुढे जवळजवळ पाणी न पिणारे, उजेडात धरले तर अर्धपारदर्शक दिसणारे भांडे तयार केले. आज हॉटेलच्या अशा भांड्याचे पाणी शोषण्याचे प्रमाण वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत असावे लागते, साध्या मातीच्या भांड्यात ते पाच-दहा टक्केही असते. भाजणीची पद्धतही निराळी ठरली. युरोपातले कडक पोर्सेलिन आधी हलके भाजतात आणि झिलई चढवून सुमारे १४०० अंशांवर पक्के करतात. अमेरिकन हॉटेल चायनात उलट चालते. माती आधीच सुमारे १२५० अंशांवर पक्की होते आणि झिलईची भाजणी त्याहून कमी आचेवर होते. त्यामुळे रंगीत रेघा आणि हॉटेलची मुद्रा झिलईच्या खाली ठेवता येतात. सुरी, घासणी, साबण यांपैकी काहीच रंगापर्यंत पोहोचत नाही.

स्वामी विवेकानंदांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात सिरॅक्यूजच्या या भांड्यांना पदक मिळाले. त्याच प्रदर्शनात जोसेफिन कॉक्रेन या इलिनॉयच्या बाईंचे भांडी धुण्याचे यंत्र मांडलेले होते. त्याचे पेटंट त्यांनी १८८६ मध्ये घेतले होते, तेही नोकरमाणसे आपली उंची भांडी धुताना टवके उडवतात या वैतागापायी. घरातला वैताग होता, पण घरांनी यंत्र घेतले नाही, घेतले हॉटेलांनी. प्लेट आणि यंत्र एकाच प्रदर्शनात असावीत हा योगायोग असेल, पण दोन्हींमागचे गिऱ्हाईक एकच होते. यंत्रात कढत पाण्याचा जोरदार मारा होतो, म्हणून झिलई पक्की हवी. प्लेटा मांडणीत नीट बसाव्यात, चळत डुगडुगू नये, म्हणून आकार एकसारखा आणि बूड सपाट हवे. घरगुती भांड्याला यातले काहीच कुणी विचारत नव्हते.

यावर पहिला आक्षेप येतो तो जकातीचा, आणि तो पोकळ नाही. १८८३ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या पांढऱ्या भांड्यांवर ५५ आणि नक्षीच्या भांड्यांवर ६० टक्के जकात बसली. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव छापणे सक्तीचे केले. एवढी तटबंदी असताना देशी कारखाने तगले यात नवल काय, असे कुणी म्हणेल. पण तटबंदी सगळ्यांना सारखीच होती. तिच्या आत घरगुती भांडी करणारे कारखानेही होते, आणि जकात भरूनही लिमोजचा माल श्रीमंत घरांत जातच राहिला. जकातीने कारखान्याला वेळ दिला. त्या वेळेचे काय करायचे हे गिऱ्हाइकाने ठरवले. ज्याने फक्त दिखावा मागितला त्याला परदेशी मालाची बरी-वाईट नक्कल मिळाली. ज्याने हिशेब मागितला त्याच्यासाठी नवी वस्तू जन्मली.

आता ‘देशी’पणाकडे येऊ. हॉटेलने आपली मुद्रा प्लेटवर घातली की ते एका अर्थी कारखान्याशी बांधले जायचे. पाचशे प्लेटांतल्या साठ वर्षभरात फुटल्या, तर बदली साठ त्याच छटेच्या, त्याच मुद्रेच्या आणि त्याच आकाराच्या लागत. त्या समुद्रापार मागवायच्या म्हणजे पत्रव्यवहार, जहाज, जकात, आणि तोवर टेबलावर विजोड भांडी. सिरॅक्यूजला किंवा ट्रेंटनला कळवले की माल रेल्वेने येई, कारण नक्षीचे साचे कारखान्यात जपून ठेवलेले असत. सांता फे रेल्वेच्या ‘सुपर चीफ’ गाडीसाठी मेरी कोल्टर यांनी १९३० च्या दशकात न्यू मेक्सिकोतल्या प्राचीन मिम्ब्रेस लोकांच्या मृत्पात्रांवरचे प्राणी घेऊन ‘मिम्ब्रेन्यो’ हा संच आखला. भांडी घडवली ऑनोंडागा पॉटरीने, आणि ती पुढे १९७० पर्यंत होत राहिली. एवढी वर्षे तोच ससा, तोच पक्षी, तोच तपकिरी-लाल रंग उमटत राहणे ही कलेइतकीच पुरवठ्याची करामत आहे.

टिकाऊ माल करून कारखानदाराने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला नाही का? प्लेट फुटली नाही तर नवी कोण घेणार? हा प्रश्न घरगुती बाजाराला लागू पडतो, जिथे एक संच लग्नात येतो आणि पिढीभर पुरतो. हॉटेलात फुटतूट कमी होते, थांबत नाही, आणि मुद्रेमुळे बदली माल मूळ कारखान्याकडूनच घ्यावा लागतो. बळकट प्लेटने गिऱ्हाईक टिकवले आणि टिकलेल्या गिऱ्हाइकाने भट्टी पेटती ठेवली. मग न फुटणारेच भांडे का नको, असेही विचारता येईल, विशेषतः आपल्याकडे, कारण उडपी हॉटेलांनी स्टीलची ताटे घेऊन हा प्रश्न कधीच निकालात काढला. इडली-सांबाराला तो तोडगा चोख आहे. पण स्टील हाताला चटकते आणि पदार्थ लवकर निववते. मेलामाइनवर सुरीचे ओरखडे उठतात, हळदीचे डाग बसतात आणि ते मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. जाड चिनी मातीची प्लेट एकदा तापली की ऊब धरून ठेवते, आणि ओरखडा तिच्या काचेसारख्या कठीण झिलईवर सहजी उमटत नाही. म्हणून ज्या टेबलावर माणूस तासभर बसतो तिथे तिची जागा अजून कुणी घेतलेली नाही.

सर्वांत टोचणारा आक्षेप वेगळा आहे. जवळचा पुरवठा एवढा मोलाचा, तर हे कारखाने बंद का पडले? हॉटेलची भांडी करणारी बफेलो चायना दुसऱ्या कंपनीने घेतली आणि पुढे तिथली भट्टी विझली. १९९५ मध्ये लिबी या काचसामानाच्या कंपनीने सिरॅक्यूज चायना, म्हणजे आधीची ऑनोंडागा पॉटरी, विकत घेतली आणि २००९ मध्ये तिथले उत्पादन थांबले. मजुरीतला फरक हे कारण आहेच. पण गिऱ्हाईकही बदलले होते. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यांचे वैभव ओसरले. हॉटेलांनी मुद्रा काढून टाकून कोरी पांढरी प्लेट पसंत केली, कारण आचाऱ्याला आपली मांडणी उठून दिसायला हवी होती. कोऱ्या पांढऱ्या प्लेटला जोडीदार कुठूनही मिळतो. त्यात कंटेनरने येणारा परदेशी माल शहराबाहेरच्या गोदामात पडून राहू लागला, म्हणजे दूरचा कारखानाही व्यवहारात जवळचा झाला. देशी मालाचा खरा गुण पुरवठ्याचा होता, आणि तोच गुण दुसऱ्याने उचलला. ज्यांनी आपली विक्री ‘देशी’ या भावनेवर टेकवली होती त्यांच्या हाती मग फारसे उरले नाही.

म्हणून आज पुण्यात किंवा नाशकात हॉटेलसाठी क्रोकरी निवडणाऱ्याने माल खुर्ज्याचा की जयपूरचा की बाहेरचा, हे विचारण्याआधी प्लेट उपडी करावी. बुडाच्या कडेवर, जिथे झिलई नसते तिथे, शाईचा एक थेंब टाकून काही मिनिटांनी पुसावा. डाग धुऊन निघाला तर माती पक्की भाजलेली आहे. राहिला तर ती पाणी पिणार आणि कधी ना कधी जाळी धरणार, मग भाव कितीही उतरवलेला असो. नुसत्या जाडीवर जाऊ नये. हाडांची राख घातलेले बोन चायना पातळ असूनही चिवट असते. आणि जाड पण कच्ची भाजलेली प्लेट फसवी, तिचे ओझे फक्त वेटरच्या हाताला. नक्षी असेल तर ती झिलईखाली आहे की वर, हे नखाने चाचपावे. त्यानंतर विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच, हाच आकार, हीच छटा आणखी पाच वर्षांनी पन्नास नग मागितले तर मिळेल का? याचे उत्तर लेखी देणारा कारखाना जवळचा असेल, तर त्याच्या मालाला चार पैसे जास्त मोजण्यात तोटा नाही. उत्तर टाळणारा कारखाना शेजारच्या गावात असला तरी काय उपयोग?

होमर लाफलिन कंपनीची गोष्ट मात्र थोडी तिरकी झाली. १९०७ च्या सुमारास ती नदी ओलांडून वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूएलला गेली. १९३६ मध्ये तिने फ्रेडरिक हर्टन ऱ्हेड यांनी आखलेली ‘फिएस्टा’ ही भडक एकरंगी घरगुती भांडी काढली. ती तुफान खपली, पण अर्धवट पक्क्या मातीची होती, आणि त्यांच्या नारिंगी-लाल झिलईत युरेनियम होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने युरेनियमवर नियंत्रण आणले, तेव्हा तो रंगच थांबवावा लागला. १९७३ मध्ये फिएस्टाचे उत्पादन संपले. पण मधल्या काळात कंपनीने हॉटेलांसाठी पक्क्या मातीची भांडी करायला घेतली होती, आणि घरगुती बाजार आयात मालाने व्यापला असताना त्याच धंद्याने कारखान्याला आधार दिला. १९८६ मध्ये फिएस्टा परत आली ती शिसेविरहित झिलई आणि हॉटेलची पक्की माती घेऊन. लाफलिन नाव आणि हॉटेलांचा धंदा २०२० मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या स्टीलाइट कंपनीला विकला गेला, म्हणजे गरुडाच्या शिक्क्याचा वारसा थेट स्टॅफर्डशायरला पोहोचला. न्यूएलच्या भट्ट्यांतून घरगुती फिएस्टा निघतेच आहे.