पऱ्हाटी, कोळसा आणि काळी माती

वर्धा जिल्ह्यांतील काळी माती पाहिली कीं तिच्या सुपीकतेविषयीं शंका घेण्याचें धाडस कोणास होत नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाच्या खडकापासून ती घडली. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण तर प्रसिद्धच आहे. परंतु मातीचा काळेपणा हा तिच्या श्रीमंतीचा पुरावा नव्हे. या मातींत सेंद्रिय कर्ब बहुधा शंभरांत एक भागाहूनही कमी भरतो. विदर्भाच्या कडक उन्हांत शेण आणि पालापाचोळा लवकर कुजून त्यांतील कर्ब हवेंत विरून जातो. जमिनीकडून जें घेतलें तें तिला परत कसें करावें, हा म्हणूनच येथील शेतीचा जुना प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या मुळाशीं पऱ्हाटी आहे. कापूस वेंचून झाला म्हणजे ती शेतांत वाळून उभी राहते. तिचें लांकूड गुरें खात नाहींत, आणि तें सहज कुजतही नाहीं. म्हणून पऱ्हाटी एक तर चुलींत जावी, नाहीं तर बांधावर जळावी, असा परिपाठ पडला.

तिच्याकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहिलें गेलें तें इंदूर येथें. १९२४ ते १९३१ या काळांत तेथील वनस्पति-उद्योग संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं पिकांचा कचरा, शेण, गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती व राख यांपासून सुमारें तीन महिन्यांत खत सिद्ध करण्याची पद्धति बसविली. १९३१ सालीं तिचें विवेचन करणारें पुस्तकही दोघांनीं प्रसिद्ध केलें. पऱ्हाटीच्या टणकपणावर त्यांनीं काढलेला तोडगा मोठा मार्मिक होता. ती शेतावरील रस्त्यांवर पसरावयाची, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखालीं तिचा आपोआप चुरा व्हावयाचा!

१९३४ च्या डिसेंबरांत वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनीं दिलेली मगनवाडी हें त्याचें ठाणें, आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. त्या काळीं मगनवाडींतच राहणाऱ्या गांधीजींनीं १९३५ च्या ऑगस्टमध्यें ‘हरिजन’ पत्रांतून इंदूर पद्धतीची ओळख ग्रामसेवकांस करून दिली. ग्रामसफाई आणि खत हे दोन विषय त्यांनीं कधीं वेगळे मानलेच नाहींत. जी घाण गांवांत रोग पसरविते, तीच शेतांत गेली असतां तिचें धान्य होतें, हा त्या विचाराचा गाभा होय.

परंतु असें खत दरसाल नव्यानें घालावें लागतें. याहून पुष्कळ अधिक टिकणाऱ्या द्रव्याची साक्ष मिळाली ती दूर अमेझॉन नदीच्या खोऱ्यांत. तेथील जमीन बहुतेक निकस. तरीही प्राचीन वस्त्यांच्या जागीं विलक्षण सुपीक माती आढळते. पोर्तुगीज भाषेंत तिला ‘टेरा प्रेटा’, म्हणजे ‘काळी माती’, असेंच म्हणतात. डच मृत्तिकाशास्त्रज्ञ विम सोंब्रुक यांनीं १९६६ च्या आपल्या ग्रंथांत तिचें वर्णन केलें. कोलंबसाच्या पूर्वींच्या रहिवाशांच्या हातून मातींत मिसळलेला कोळसा शेंकडों वर्षांनंतरही तेथें टिकून आहे.

हल्लीं ‘बायोचार’ म्हणतात तो हाच कोळसा. तळाशीं निमुळत्या खड्ड्यांत वाळलेली पऱ्हाटी पेटवून तिच्यावर थोडी थोडी नवी टाकीत जावयाचें. वरची ज्वाळा प्राणवायु घेऊन टाकते. म्हणून खालच्या थराची राख न होतां कोळसा होतो. वरचा थर पांढुरका दिसूं लागतांच भरपूर पाणी ओतून आग पुरती विझवावयाची. कोळसा ओला असतांनाच गोणींत घालून मोगरीनें कुटावा. कोरडा कुटल्यास त्याची धूळ छातींत जाते. ज्वारीच्या दाण्याएवढा चुरा पुरे. कोरा चुरा मातींतील नत्र स्वतःकडे ओढतो. म्हणून तो शेणकाल्यांत व गोमूत्रांत दोन-तीन आठवडे मुरवूनच परसबागेंत घालावा.

मात्र अमेझॉनचा धडा वर्ध्यास जसाच्या तसा गिरवितां येणार नाहीं. तेथील आम्ल मातीस कोळशाचा अल्कधर्म उपकारक ठरला. वर्ध्याची माती मुळांतच अल्कधर्मी व पुष्कळ ठिकाणीं चुनखडीची आहे. येथें हा चुरा बेतानें, खताच्या जोडीनें, आणि प्रथम एका वाफ्यांत पारखूनच घालणें शहाणपणाचें. कोळसा हा खताच्या ऐवजीं नव्हे; तो खताचा सत्त्वांश धरून ठेवणारा सोबती आहे.

२०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीचें मोठें नुकसान केलें. ही अळी जुन्या पिकाच्या अवशेषांत तग धरते; म्हणून हंगाम संपतांच पऱ्हाटी शेतांतून काढणें आवश्यक झालें आहे. काढलेली पऱ्हाटी बांधावर पेटविली तर जमिनीचें धन धूर होऊन जातें. कोळसा होऊन ती मातींत परतली तर त्यांतील कांहीं भाग पिढ्यान् पिढ्या तेथेंच राहतो. इंदूरच्या गाडीवाटेवर आणि मगनवाडीच्या आवारांत जो विचार रुजला, त्याचाच हा पुढचा अंकुर होय.