एका दिवसाचा पंतप्रधान

गेल्या वीकेंडला शिरोड्याला मामाकडे गेलो होतो. शिरोडा म्हटलं की १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो, नाहीतर इथल्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर. यावेळी मात्र बाईक काढली आणि मामाला मागे बसवून रेडीमार्गे थेट तेरेखोलचा किल्ला गाठला. गंमत म्हणजे किल्ला नदीच्या आपल्या बाजूला, पण मोडतो गोव्यात! १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांच्या साथीदारांनी इथे तिरंगा लावला होता. ते पकडले गेले, किल्ला परत पोर्तुगीजांकडे.

मामा म्हणाला, "अरे, त्याच वर्षी दादरा नगर हवेली सुटली मां? मगे तेरेखोल कित्याक नाय?"

मला काही उत्तर देता आलं नाही. मग पुण्याला आल्यावर वाचत बसलो.

दादरा आणि नगर हवेली म्हणजे ७२ गावं, ४९१ चौरस किलोमीटर, बहुतेक वस्ती वारली, कोकणा वगैरे आदिवासींची. हा मुलूख पोर्तुगीजांना दिला तो चक्क पेशव्यांनी! मराठा आरमाराने 'सांताना' हे पोर्तुगीज जहाज धरलं होतं, त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहात वर्षाला १२,००० रुपये महसुलाची गावं द्यायचं ठरलं. म्हणजे द्यायचा होता फक्त महसूल, पण साहेब मालक होऊन बसले.

१९५४ च्या जुलैमध्ये २१-२२ तारखेच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने दादरा घेतलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राजा वाकणकरांबरोबरचे संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. कम्युनिस्टही या लढ्यात होते. आणि आपले सुधीर फडकेसुद्धा! निधीसाठी लताबाईंचा पुण्यातला कार्यक्रम त्यांच्याच खटपटीचा.

आता मामाच्या प्रश्नाचं उत्तर. तेरेखोलला समुद्र आहे, पोर्तुगीज फौज जहाजाने येऊ शकत होती. सिल्वासाला पोचायचं तर दमणहून भारताची हद्द ओलांडावी लागे, आणि भारताने ती वाटच बंद केली. सोप्या भाषेत, नेटवर्क केबल काढून टाकली :)

पण खरी मजा पुढेच आहे. भारताने हा भाग लगेच आपल्यात घेतला नाही. सात वर्षं वरिष्ठ पंचायतीच्या सल्ल्याने प्रशासक कारभार बघत होता. पोर्तुगीज तिकिटांवर 'लिबरेटेड एरियाज' असा शिक्का मारून ती वापरली गेली. १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला: नागरिक आणि मालासाठी वाटेचा हक्क होता, सैन्य आणि शस्त्रांसाठी नव्हता, आणि भारताने कुठलीही जबाबदारी मोडलेली नाही.

मग १९६१ मध्ये विलीनीकरणाची वेळ आली. करारावर एकीकडून नेहरू सही करणार, दुसरीकडून कोण? तेव्हा के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं गेलं! आपण प्रोजेक्टमध्ये करतो ते सगळे वर्कअराउंड यापुढे पाणी कम चाय. ११ ऑगस्ट १९६१ पासून हा भाग अधिकृतपणे भारतात आला.

हे सगळं वाचताना हसू येतं खरं, पण एक गोष्ट खटकत राहिली. झेंडा बदलला, तिकिटं बदलली, पंतप्रधानसुद्धा होऊन गेला. पण जमीन कसणाऱ्या आदिवासी कुळांसाठी जमीन सुधारणा कायदा आला तो १९७१ मध्ये. म्हणजे मुक्तीनंतर १७ वर्षांनी. स्वतंत्र झालेल्या गावात सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे विचारल्याशिवाय ती गोष्ट पूर्ण होत नाही असं मला वाटतं.

मामाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तेरेखोलाक दर्यान दगो दिल्यान."

खरंय. असो, पुढच्या वेळी सिल्वासा!