शहरातील हिमवर्षाव

पवनेकाठच्या चिंचवडास काय किंवा इंद्रायणीपलीकडील चाकणास काय, हिमवर्षाव ठाऊक नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यास पारा १.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. तथापि हिम पडले नाही. वळिवात आपण वेचतो त्या गारा. त्या कठीण असतात आणि क्षणार्धात विरतात. हिमाचे स्फटिक मात्र निःशब्द उतरतात आणि अवघ्या नगरावर दिवसचे दिवस पसरून राहतात.

असे हिमाच्छादित महानगर आपल्यापैकी ज्यांनी आरंभी अनुभवले, त्यांत आनंदीबाई जोशी यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. एप्रिल १८८३ मध्ये पतीस मागे ठेवून त्या कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकत असता त्यांनी अमेरिकेतील तीन हिवाळे काढले.

त्या काळी तेथील नगरवासीयांस हिम म्हणजे उत्सवच असे. चाकांच्या गाड्या बाजूस ठेवून लोक घसरगाड्या जुंपीत. हिमावर त्या गाड्यांचा आवाज होत नसल्यामुळे वाटसरूंस सावध करण्यासाठी घोड्यांस घुंगरू बांधीत. गोठलेल्या नदीवर घसरण्याच्या खेळासाठी फिलाडेल्फियात १८४९ साली एक मंडळ स्थापन झाले होते. बर्फ फुटून कोणी पाण्यात पडल्यास त्यास ओढून काढता यावे, म्हणून प्रत्येक सभासदाने दोरीचे रीळ जवळ बाळगावे, असा त्या मंडळाचा दंडक होता. त्या लोकांच्या आनंदाचे मर्म या दोरीत आहे. लोकरीचे कपडे, शेगडी, पोटभर उष्ण अन्न आणि ही दोरी, एवढी सिद्धता असल्यावरच हिम खेळगडी होते.

आनंदीबाईंस ती हवा व तेथील आहार मानवला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली. परंतु क्षयाने त्यांस ग्रासले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नसता, त्यांचे पुण्यात निधन झाले. पुढच्याच वर्षी, मार्च १८८८ मध्ये, न्यूयॉर्कसारखे संपन्न नगरही हिमवादळाने जखडले गेले. तारा तुटल्या, गाड्या अडकल्या आणि त्या एका शहरात सुमारे २०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नगराने तारा जमिनीखाली नेण्याचे काम नेटाने हाती घेतले.

आज चाकणच्या काही मोटार-कारखान्यांचे मूळ घर जर्मनीत आहे. तेथे कामानिमित्त जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हिमात मनसोक्त खेळावे. मात्र पायांत चांगले जोडे घालावेत, अंगावर ऊब असावी आणि घरातून अशीच सिद्धता न लाभता त्या हवेत विद्या संपादन करणाऱ्या आनंदीबाईंचे एकवार स्मरण करावे.