नांगरापासून मोबाइलपर्यंत : जाहिरातीची वाट

पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा जिल्ह्यात कोरेगाव स्थानक आहे. त्याच मार्गावर पुढे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी लागते. या पट्ट्यातील जाहिरातीचा इतिहास तिथल्या किर्लोस्करांच्या नांगर कारखान्याशी जोडलेला आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. माल चांगला असणे पुरेसे नव्हते. आधी शंका फिटायला हवी होती. 1910 मध्ये कारखाना औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीत आला. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. वाचण्याजोगा मजकूर दिला की वाचक टिकतो आणि मालाचे नावही घरोघरी पोहोचते, हे त्यातून दिसले.

जाहिरातीची हीच वाट पुढे मोबाइलपर्यंत आली. 2007 मध्ये फेसबुकने आपली जाहिरात व्यवस्था आणली. आता कोरेगावचा दुकानदारही गाव, वय आणि आवड निवडून थोड्या पैशांत जाहिरात देऊ शकतो. नवख्याने सगळ्या जिल्ह्याला हाक देण्याऐवजी जवळचे गिऱ्हाईक निवडावे, दोन वेगळे मजकूर कमी खर्चात तपासावेत आणि लाइकपेक्षा आलेली चौकशी व झालेली विक्री मोजावी. साधन बदलले, तरी गिऱ्हाइकाची शंका ओळखल्याशिवाय जाहिरातीचा पैसा वसूल होत नाही.