आवाज मोठा कोण करतो? भोपळ्यापासून हाय-फाय अॅम्प्लिफायरपर्यंत

माढा तालुक्याच्या एका अंगाने भीमा वाहते, दुसऱ्या अंगाने सीना. भीमेच्या काठाने खाली उतरले की पंढरपूर-मंगळवेढ्याचा मुलूख लागतो. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे मोठे भोपळे याच मुलखातून जातात. आवाज मोठा करण्याच्या इतिहासाची सुरुवात आपण या भोपळ्यापासून करू. घरी गाणे ऐकण्यासाठी कोणता अॅम्प्लिफायर घ्यावा, पाच हजारांचा की पाच लाखांचा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा इतिहास फार उपयोगी पडतो.

नुसती ताणलेली तार छेडली तर जेमतेम ऐकू येते. बारीक तार हवेला नीट ढकलू शकत नाही. तीच तार भोपळ्यावर बसवलेल्या तबलीला जोडली की तबली आणि आतली हवा कंप पावू लागतात आणि आवाज खोलीभर जातो. मात्र ही ऊर्जा तारेचीच असते. भोपळा पदरची ऊर्जा घालत नाही, तारेतली ऊर्जा हवेत लवकर पोचवतो इतकेच. ग्रामोफोनच्या कर्ण्याचेही काम असेच होते.

अॅम्प्लिफायर, म्हणजे विवर्धक, ही वेगळी जात आहे. तो समजण्यासाठी माढ्याच्या विद्यार्थ्यांना दूर जायला नको. उजनीचे धरण त्यांच्याच तालुक्यात आहे. कालव्याचे दार थोडे वरखाली करायला फारसे बळ लागत नाही, पण त्या हालचालीप्रमाणे कमीजास्त होणाऱ्या पाण्याची ताकद प्रचंड असते. ती ताकद दार हलवणाऱ्याची नव्हे, धरणात साठलेल्या पाण्याची. अॅम्प्लिफायरमध्ये क्षीण संकेत दार हलवतो आणि विजेच्या पुरवठ्यातली ऊर्जा त्या बरहुकूम वाहते.

असे विजेचे दार १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने केले. फ्लेमिंगच्या १९०४ च्या दोन अग्रांच्या नळीत त्याने तिसरे अग्र, म्हणजे तारेची जाळी घातली. पुढे नळीतील हवा अधिक चांगली काढता येऊ लागली आणि १९१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला, तो वाटेत बसवलेल्या अशा नळ्यांच्या जोरावर.

दहा दिवसांचे अंतर

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, २ ऑगस्टला, हॅरोल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता हडसन नदीतल्या बोटीतून कामावर निघाला होता. बेल प्रयोगशाळेत त्याच्यापुढे एकच कोडे होते. लांबच्या टेलिफोनमार्गावर एकापुढे एक अनेक अॅम्प्लिफायर लागत. प्रत्येक जण आवाजात थोडी विकृती घाली आणि शेवटी बोलणे ओळखू येईनासे होई. बोटीत त्याला उत्तर सुचले आणि त्याने ते हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच उतरवले. बाहेर पडणाऱ्या संकेताचा लहानसा अंश उलटा करून पुन्हा आत पाठवायचा. आत काय गेले आणि बाहेर काय आले यांतली तफावत मग आपोआप सुधारली जाते. याला ऋण फीडबॅक म्हणतात.

याचे गणित फळ्यावर सहज करता येते. समजा, अॅम्प्लिफायर मुळात संकेत १०,००० पट करतो आणि आपण बाहेरच्या संकेताचा विसावा भाग परत पाठवतो. मग एकूण वाढ १०,००० भागिले ५०१, म्हणजे १९.९६ पट होते. आता नळी जुनी होऊन मूळ वाढ निम्मी, ५,००० पट झाली, तर एकूण वाढ ५,००० भागिले २५१, म्हणजे १९.९२ पट. मूळ वाढ निम्मी घटूनही फरक पडला हजारात दोनचा! ब्लॅकने वाढ मोठ्या प्रमाणात गमावली आणि तिच्या बदल्यात इमानदारी मिळवली. ही कल्पना इतकी उलटी वाटणारी होती, की १९२८ साली मागितलेले पेटंट मिळायला १९३७ उजाडले.

दरम्यान महाराष्ट्रात अॅम्प्लिफायर घराबाहेर पोचला होता. संगीत नाटकांतले नट विनामाईक गात आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत. १९३१ साली मुंबईत 'आलम आरा' लागला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि बोलपटाच्या थिएटरांतून यंत्राचा आवाज लोकांच्या ओळखीचा झाला. नानिक मोटवाने यांच्या मुंबईच्या 'शिकागो रेडिओ'ने काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवले. त्या काळच्या छायाचित्रांत गांधीजींपुढच्या माईकवर ते नाव वाचता येते. सभेत प्रश्न शब्द कळण्याचा होता. तंबोऱ्याचा झणत्कार जसाच्या तसा ऐकवणे ही पुढची पायरी होती.

आकडे आणि कान

ती पायरी १९४७ साली गाठली गेली. त्या वर्षी विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एका अॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. त्याची शक्ती १५ वॅट होती आणि विकृती ०.१ टक्क्याहून कमी. हौशी लोकांनी तो जगभर घरी बांधला. घरच्या संगीतासाठी 'चांगला अॅम्प्लिफायर' म्हणजे काय, याला प्रथमच आकड्यांतले उत्तर मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला.

ट्रान्झिस्टरच्या पहिल्या अॅम्प्लिफायरांनी एक धडा शिकवला. त्यांत लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळी आणि खालचा दुसरा. हातबदल होताना मध्ये किंचित खंड पडे. आवाज मोठा असताना ही खोट झाकली जाई, पण हळू आवाजात तिचे प्रमाण वाढून सूर खरखरीत वाटे. माहितीपत्रकात मात्र विकृती पूर्ण शक्तीला मोजलेली असे, म्हणून आकडा सुंदर दिसे. कानाची तक्रार खरी होती. चूक मोजण्याच्या पद्धतीत होती.

पण कानही नेहमी खरे सांगतो असे नाही. १९७८ साली ब्रिटनच्या क्वाड कंपनीच्या तीन पिढ्यांचे अॅम्प्लिफायर, त्यांत एक नळ्यांचा, श्रोत्यांना कोणता चालू आहे हे न सांगता ऐकवले. त्यांना ते भरवशाने वेगळे ओळखता आले नाहीत. १९८७ साली 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने सुमारे २२० डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंतचे अॅम्प्लिफायर असेच ऐकवले. उत्तरे निव्वळ अंदाजाने द्यावीत तशीच आली. याचा अर्थ सगळे अॅम्प्लिफायर सारखे असा मात्र नव्हे. कुवतीबाहेर ताणलेला किंवा न झेपणाऱ्या स्पीकरला जोडलेला अॅम्प्लिफायर कोणालाही ओळखू येतो.

मग निवड कशी करावी?

प्रथम स्पीकर पाहावा. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो, हे माहितीपत्रकात असते. ८४ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला चौथा हिस्सा शक्ती पुरते. वॅट दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून ५० आणि ६० वॅटमधल्या फरकासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. मध्यम खोलीत ४०-५० खरे वॅट बहुतेकांना पुरतात.

'खरे' हा शब्द महत्त्वाचा. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरवर शेकडो वॅट 'पीएमपीओ' छापलेले असत. यंत्राच्या पाठीमागे विजेचा वापर लिहिलेला असतो, तो वाचावा. २० वॅट घेणारी पेटी शेकडो वॅट सतत देऊ शकत नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम जाहिरातीलाही लागू आहे. गावाकडे वीज कमीजास्त होते, तेव्हा विजेचा दाब किती खाली गेला तरी यंत्र नीट चालते हेही विचारावे. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. सततच्या घुमण्याचे कारण कित्येकदा तेच असते आणि महाग अॅम्प्लिफायरने ते जात नाही.

राहिला प्रश्न कानाचा. विकत घेण्याआधी दोन अॅम्प्लिफायर एकाच स्पीकरला आलटून पालटून जोडावेत. दोन्हींचा आवाज मीटरने अगदी सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला 'अधिक चांगला' वाटतो. कोणता लावायचा हे दुसऱ्याने पडद्याआड नाणे उडवून ठरवावे आणि असे दहा वेळा करावे. निव्वळ अंदाजाने नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. तेवढी बरोबर आली, तर फरक खरा धरावा आणि हवा तो अॅम्प्लिफायर खुशाल घ्यावा. न आली, तर उरलेल्या पैशांत चांगला स्पीकर येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग दोन साध्या अॅम्प्लिफायरांवरही करता येईल. त्यातून विद्यार्थ्यांना ध्वनी, संभाव्यता आणि दाव्याची पारख हे तिन्ही धडे एका तासात मिळतील.