वेगाचं चित्र

वाफेच्या इंजिनात पिस्टन मागेपुढे सरकतो आणि क्रँक गोल फिरते. दोघांना जोडणारा कनेक्टिंग रॉड मात्र सरकतोही आणि डोलतोही. क्रँक एकसारखी फिरत असली तरी पिस्टनचा वेग क्षणोक्षणी बदलतो. दोन्ही टोकांना तो शून्य असतो, मध्ये कुठेतरी सर्वाधिक. नेमका कुठे? एकोणिसाव्या शतकात इंजिनं जसजशी जोरात पळू लागली, तसतसा या चढउतारांचा ताण दांड्यांवर आणि बेअरिंगांवर येऊ लागला. उत्तर टाळून चालणार नव्हतं.

समीकरण मांडता येतंच. पण रेल्वे इंजिनाची झडप हलवणाऱ्या दांड्यांच्या जाळ्यासाठी ते फार गुंतागुंतीचं होतं आणि क्रँकच्या प्रत्येक स्थितीला आकडेमोड नव्याने करावी लागते. तेव्हा कॅल्क्युलेटर नव्हता. ड्रॉइंग बोर्ड मात्र प्रत्येक कारखान्यात होता.

बळांशिवाय, नुसत्या गतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला फ्रान्सच्या आंपेअरने 1834 मध्ये नाव दिलं. 1841 मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट विलिस यांचं यंत्रणांवरचं पुस्तक आलं. 1875 मध्ये जर्मनीच्या फ्रांझ रूलो यांनी यंत्राकडे दुव्यांची साखळी म्हणून पाहायला शिकवलं. वेग काढायला तेव्हा एक युक्ती होती: हलणारा दांडा त्या क्षणी एखाद्या बिंदूभोवती फिरतोय असं समजायचं आणि तो बिंदू रेषा वाढवून शोधायचा. अडचण एवढीच, की पुष्कळदा त्या रेषा कागदाबाहेर जाऊन मिळतात.

1885 मध्ये रॉबर्ट हेन्री स्मिथ यांनी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात वेगळी वाट दाखवली. टोकियोत शिकवून आलेले स्मिथ तेव्हा बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी यंत्राच्या चित्राशेजारी नुसत्या वेगांचं स्वतंत्र चित्र काढलं.

त्याचा पाया एका साध्या गोष्टीत आहे. पोलादी दांडा कामापुरता तरी ताणला जात नाही आणि आखडत नाही. म्हणून एका टोकावर बसून पाहिलं, तर दुसरं टोक जवळ येत नाही की लांब जात नाही. ते फक्त भोवती फिरू शकतं. म्हणजे दोन टोकांचा सापेक्ष वेग दांड्याला लंबच असणार. तो किती, हे माहीत नसलं तरी दिशा हातात आली.

आता 10 सेंटिमीटर क्रँक, 40 सेंटिमीटर कनेक्टिंग रॉड आणि मिनिटाला 300 फेरे घेऊ. क्रँकपिनचा वेग येतो सेकंदाला 3.14 मीटर. एका बिंदूपासून, ठरवलेल्या प्रमाणात, हा वेग क्रँकला लंब रेषेने दाखवा. तिच्या टोकातून रॉडला लंब रेषा काढा. पहिल्या बिंदूतून पिस्टनच्या दिशेची रेषा काढा. या दोन रेषा जिथे छेदतात, तिथपर्यंत पट्टीने मोजा: तो पिस्टनचा वेग. गुण्या, पट्टी आणि तीन रेषा.

क्रँक पिस्टनच्या मार्गाशी 90 अंशांत आली की त्रिकोण मिटून एकच रेषा उरते. त्या क्षणी पिस्टनचा वेगही 3.14 असतो आणि रॉड अजिबात वळत नसतो. सर्वाधिक वेग इथेच असेल, असं कुणालाही वाटेल. पण क्रँकच्या वेगवेगळ्या कोनांसाठी त्रिकोण काढत गेलं, की तो आधीच, सुमारे 77 अंशांवर सापडतो: साधारण 3.24. तेव्हा पिस्टनने अर्धी वाटही कापलेली नसते.

1955 मध्ये डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग यांनी यंत्रणा मॅट्रिक्सच्या भाषेत मांडल्या, आणि पुढे हे काम संगणकाकडे गेलं. आज फोनवर पिस्टनचं ॲनिमेशन दिसतं, आकडाही मिळतो. तरी डिप्लोमाच्या वर्गात हा त्रिकोण अजून काढून घेतात, आणि मुलं वैतागतात. पण ॲनिमेशन पिस्टन कसा हलतो ते दाखवतं. तो तसाच का हलतो, ते त्या लंब रेषेत दिसतं. सॉफ्टवेअरने चुकीचा आकडा दिला, तर तो ओळखायलाही तीच कामी येते.