फुटाण्याच्या पुडीचा इतिहास

कामावर जाताना बरोबर न्यायचा खाऊ कसा असावा? तो स्वस्त हवा, दिवसभर खिशात राहिला तरी विटू नये, खायला भांडे लागू नये, हात बरबटू नयेत आणि चार घासांत भूक थोपवली जावी. पुण्यातील हमाल, गवंडी किंवा कारखान्यातील कामगार यांनी या अटी कधी कागदावर मांडल्या नाहीत. मात्र त्यांचे उत्तर भडभुंज्याच्या दुकानात तयार होते: फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे. पुडीत शेजारी बसणाऱ्या या दोन दाण्यांचा इतिहास अगदी निराळा आहे. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कोरडेपणा.

कोरडे धान्य टिकते, हे माणसाला शेतीच्या आरंभापासून ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत जव, मसूर, कुळीथ यांचे दाणे सापडले. ते आपल्या हाती लागले, कारण ते जळून कोळसा झाले होते. कोळशावर बुरशी व जिवाणू यांची मात्रा चालत नाही. डाळी-कडधान्ये या भूमीत किती जुनी आहेत, याचा पुरावा अशा रीतीने आगीनेच जपून ठेवला.

हरभऱ्याचे रानटी पूर्वज आजच्या तुर्कस्तानाच्या आग्नेय भागात आढळतात. तेथून पूर्वेकडे सरकत हे पीक फार प्राचीन काळीच भारतात आले व येथलेच झाले. घोड्यांच्या चंदीत हरभरा असे, तसाच तो माणसांच्या खाण्यातही असे. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण एवढ्या सामान्य पदार्थावर बेतली गेली, यातच सारे आले.

या कडक दाण्याचा फुटाणा कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. हरभऱ्यावर पाण्याचा हबका मारून तो काही वेळ मुरू देतात. मग भट्टीवरच्या कढईतील तापलेल्या वाळूत टाकून भराभर ढवळतात. वाळूचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्याही वर असते. तव्यावर दाणा एका बाजूनेच तापतो. वाळू मात्र त्याला सर्व बाजूंनी बिलगते. दाण्यातील पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि अखेर टरफल फुटते. ‘फुटाणा’ हे नाव या फुटण्यावरूनच पडले. नंतर चाळणीने वाळू वेगळी करून ती पुन्हा वापरतात. यात तेलाचा थेंबही खर्च होत नाही. पुडी स्वस्त असण्याचे एक कारण हे आहे.

भाजण्याने आणखी एक काम साधते. कच्च्या कडधान्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारी काही द्रव्ये असतात. उष्णतेने त्यांचा जोर बराच कमी होतो. म्हणजे भडभुंजा हा एका अर्थी शहराचा सामाईक स्वयंपाकी होता. ज्याच्याकडे चूल पेटवायला वेळ नाही, त्याच्यासाठी तो आधीच शिजवून ठेवत असे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात भडभुंज्यांची स्वतंत्र नोंद आहे. तेव्हा पुण्याला रेल्वे येऊन (१८५८) आणि खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघून (१८६९) काही वर्षे लोटली होती. घरापासून दूर, ठरावीक वेळी काम करणाऱ्या माणसांचे शहर आकाराला येत होते.

शेंगदाणा मात्र परका पाहुणा. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत. पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गांनी तो जगभर पसरला. आपल्याकडे त्याला नाव देताना लोकांनी ओळखीच्या मुगाचा आधार घेतला: भुईत येणारा तो भुईमूग. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी त्याची लागवड वाढली आणि दाणे भडभुंज्याच्या कढईपर्यंत पोहोचले.

आहाराच्या दृष्टीने ही जोडी चांगली आहे. १०० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांत सुमारे २५. ज्वारी-बाजरीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते. हरभऱ्यात ते भरपूर असते. त्यामुळे भाकरी आणि फुटाणे एकमेकांची उणीव भरून काढतात. फरक स्निग्धांशात आहे. हरभऱ्यात तो पाच-सहा टक्के, तर शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा. म्हणून शेंगदाणे लवकर खवट होतात, फुटाणे बरेच दिवस टिकतात.

कोरडेपणा गेला की काय होते, हे जगाला १९६० साली कळले. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचे विष होते. त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात याच विषाने दूषित झालेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. अवेळी पावसात भिजलेले तेच धान्य खाण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. साध्या भाजण्याने हे विष पूर्णपणे जात नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे वेचून टाकणे हाच खरा उपाय. स्वस्त अन्न सुरक्षितही असावे, हा गरिबाचा हक्क आहे.

शिवाय पुडी म्हणजे जेवण नव्हे. त्याच १९७४ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू केला, तो हेच ओळखून. ओझे वाहणाऱ्याला नफ्याविना, परवडणाऱ्या दरात ताजे अन्न मिळावे, हा त्याचा हेतू. पुडीने भूक थोपते; ती भागवायला भाकरीच लागते.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. पावसाळ्यात ५०-५० ग्रॅम फुटाणे घेऊन एक भाग घट्ट झाकणाच्या बाटलीत व दुसरा उघड्या ताटलीत ठेवावा. आठ दिवस रोज दोन्हींचे वजन करावे (ताटलीतले दाणे खाऊ नयेत). वजन कोणाचे वाढले, किती वाढले आणि ते कोठून आले, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. गवंड्याची पुडी खिशात इतके तास का टिकते, हे मग सांगावे लागणार नाही.